नदीची शुद्धी आणि नगरांचे उत्तरदायित्व



नांदेड समुद्रापासून दूर आहे. परंतु नांदेडचे सांडपाणी समुद्राच्याच वाटेने जाते. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते आणि तो एकत्र प्रवाह बंगालच्या उपसागरात विलीन होतो. म्हणून उपसागराच्या पाण्याची प्रत ही मराठवाड्यातील नगरांचीही जबाबदारी ठरते. समुद्राआधी मात्र नदीकाठची गावे लागतात, आणि नगराच्या घाणीचा पहिला भार त्यांनाच सोसावा लागतो.

नांदेड शहर विष्णुपुरी जलाशयाचे पाणी पिते व वापरलेले पाणी खालच्या अंगास सोडते. उन्हाळ्यात धरणाखालील प्रवाह क्षीण होतो, तेव्हा पात्रात नाल्यांच्या पाण्याचा अंश वाढतो. मैला कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषला जातो, मासे गुदमरतात, जलपर्णी माजते. केवळ जलपर्णी काढून नदी शुद्ध होत नाही; नाले वाहते आहेत तोवर ती पुन्हा उगवणारच.

२००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडला केंद्राचा मोठा निधी मिळाला व शहराचे रूप पालटले. तरीही २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गोदावरी होतीच. कायद्याची उणीव नव्हती. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ साली, तर केंद्राने १९७४ साली कायदा केला. उणीव आहे ती नित्याच्या खर्चाची. शुद्धीकरण केंद्राचे उद्घाटन करता येते. पंपांच्या वीजबिलाचे, गटारांच्या दुरुस्तीचे आणि सफाई कामगाराच्या वेतनाचे उद्घाटन होत नाही.

पैसा नाही, ही महापालिकांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. ७४व्या घटनादुरुस्तीने स्वच्छतेचे काम नगरांच्या सूचीत आले. पण जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही बव्हंशी गेला. कर्तव्य खाली आणि तिजोरी वर, अशी ही विकेंद्रीकरणाची विटंबना आहे. परंतु या सबबीने हिशेब देण्याचे कर्तव्य टळत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशावर ही वेळ आली, त्याने एकदा वापरलेले पाणी घाण म्हणून सोडून देणे हा अविवेक होय. शुद्ध केलेले सांडपाणी उद्योगांना व बागांना मिळाले, तर तेवढे पिण्याचे पाणी वाचेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागांतून तीन आकडे मागावेत: शहरात रोज किती सांडपाणी निर्माण होते, त्यातील किती केंद्रापर्यंत पोहोचते, आणि किती शुद्ध होऊन बाहेर पडते. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. हे आकडे नदीकाठच्या ग्रामसभांतही वाचले जावेत, कारण त्या गावांना नगरात मत नाही. चौथा प्रश्न माणसाचा. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. ती पाळली जाते काय? कामगाराचा जीव धोक्यात घालून नदी शुद्ध होणार असेल, तर त्या शुद्धीला समाजवादी माणूस शुद्धी म्हणणार नाही.