ऑपरेशनआधी औषधांची पिशवी उघडा



मी फार्मासिस्ट आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे बॅरिएट्रिक सर्जरीसाठी, येणाऱ्या रुग्णांची चालू औषधं लिहून घेणं हे माझं काम. लठ्ठपणासोबत बहुतेकांना मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, गुडघेदुखी यांपैकी काहीतरी असतंच. त्यामुळे गोळ्याही बऱ्याच असतात.

त्यांचा हिशेब का हवा? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं ऑपरेशनच्या किमान 3 दिवस आधी थांबवतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून ऑपरेशनआधी कमी कॅलरींचा आहार देतात. खाणं घटलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. सेमाग्लुटाइडमुळे पोट उशिरा रिकामं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं. जठराच्या बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो.

ही झाली कागदावरची औषधं. माझी खरी अडचण कागदावर नसलेल्यांची. हकीमसाहेबांचा माजून. मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी. रमजानमध्ये स्वतःच बदललेला डोस. गर्भनिरोधक गोळी, जिच्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. नैराश्याची गोळी, जी सासरी कुणाला ठाऊक नसते. मी बाईंना विचारतो आणि शेजारी बसलेला नवरा किंवा मुलगा उत्तर देतो, "बस्स, एवढंच." बाई मान खाली घालतात.

इथे मला तुमची मदत हवी. घरात डॉक्टरांची भाषा समजणारे तुम्ही. अम्मीसोबत, खालासोबत जरूर या. सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून आणा. पण मग पाच मिनिटं बाहेर थांबा. त्यांना डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. आपल्या शरीराबद्दल खाजगीत बोलणं हा त्यांचा हक्क आहे. नैराश्याची गोळी घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे घरात आधीच बोला.

आणि घाबरून कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करू नका. कुठलं थांबवायचं, कुठलं चालू ठेवायचं, ते डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापर्यंत पूर्ण यादी पोहोचवणं मात्र आपलं काम आहे.