साथ, सोबत आणि विमानप्रवास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी याच इमारतीत तीन वर्षे बसलो. त्यामुळे आजचे निमंत्रण हा मी सन्मान मानतो, आणि थोडीशी परीक्षाही. आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाने साथीच्या काळातील विमानप्रवासावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी वैद्य नव्हे. परंतु मीटर गेजच्या गाडीने खंडव्याला जाऊन पुढची गाडी धरणारी आमची पिढी आज सत्तरी ओलांडल्यावर विमानाने मुला-नातवंडांकडे जाते. इंदूरच्या मराठी घरांतील क्वचितच एखादे घर असेल, की ज्याचे कोणी दूरदेशी नाही. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

आरंभ शब्दापासून करतो. तो माझा जुना व्यवसाय. आपल्या भाषेत ‘साथ’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. गायकाला तबलजी देतो ती साथ, आणि गावावर येते तीही साथ. एक सोबतीची, दुसरी रोगाची. विमानात या दोन्ही साथी शेजारशेजारच्या आसनांवर बसतात. दीडशे-दोनशे अनोळखी माणसे काही तास एकाच बंद जागेतील हवा श्वासात घेतात. एकाचा उच्छ्वास हा दुसऱ्याचा श्वास होतो.

मग विमानातील हवा धोक्याची असते काय? उत्तर आपण समजतो त्याहून पुष्कळ आशादायक आहे. उड्डाण चालू असताना मोठ्या जेट विमानाच्या कक्षात बाहेरची ताजी हवा आणि गाळलेली हवा साधारण निम्मी निम्मी येते. हेपा नावाच्या गाळण्या अतिसूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के कण अडवितात. हवा डोक्यावरून येते आणि पायांजवळून बाहेर जाते, त्यामुळे ती लांबवर वाहत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी कक्षातील हवा बदलते. आपल्या बैठकीच्या खोलीत किंवा लग्नाच्या बंद सभागृहात हे भाग्य नसते.

तथापि यंत्राची ही कृपा सशर्त आहे. १९७७ साली अलास्कामध्ये ५४ माणसे असलेले एक विमान इंजिनात बिघाड होऊन तीन तास जमिनीवर अडकले. त्या काळात हवा खेळविणारी यंत्रणा बंद होती, आणि बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले. त्यांच्यात एक फ्ल्यूचा रुग्ण होता. तीन दिवसांच्या आत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. पुढे १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्सचा एक रुग्ण होता. तीन तासांच्या त्या प्रवासात २२ जणांना लागण झाली, आणि त्यांतील काही त्याच्यापासून कित्येक ओळी दूर बसले होते. १ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला निघालेल्या विमानात खोकला असलेली एक तरुणी होती. पुढे विमानातील आणखी १५ जणांना कोविड झाल्याचे आढळले, आणि त्यांपैकी १२ तिच्याच वर्गात बसलेले होते. तो प्रवास दहा तासांच्या आसपासचा होता, आणि मुखपट्टी तेव्हा सक्तीची नव्हती.

या तिन्ही घटनांत विमाने वेगळी, रोग वेगळे. परंतु एक गोष्ट समान आहे. प्रत्येक वेळी एक आजारी माणूस विमानात चढला होता. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपल्याला काय झाले आहे, हे त्याला ठाऊकही नसेल. मात्र यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की विमानातील सुरक्षिततेचा आरंभ विमानात होत नाही. तो आदल्या रात्री आपल्या घरात होतो.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रवाशाने आपल्या प्रकृतीविषयी घोषणा करावी असा नियम होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हैदराबादला माझे थोरले बंधू हृदयविकाराने अंथरुणाला खिळले. सकाळच्या विमानाचे तिकीट हाती होते. आदल्या रात्री माझा घसा खवखवू लागला. तापमापकात पारा शंभराच्या किंचित खाली. घोषणेत प्रश्न होता: ताप, खोकला, श्वासाचा त्रास आहे काय? एका हितचिंतकाने फोनवर सांगितले, “सर, पॅरासिटामॉलची एक गोळी घ्या. सकाळपर्यंत ताप उतरेल. दारावरच्या त्या यंत्राला काय कळणार आहे?”

श्रोतेहो, मी गोळी काढून हातात घेतली होती, हे आपल्यापासून लपवीत नाही. जन्मभर विद्यार्थ्यांना सत्याविषयी निबंध लिहायला लावणारा मी, एका ‘नाही’पाशी अडलो होतो. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “दादांच्या उशाशी वहिनी बसल्या आहेत. त्यांचं वय ऐंशी.” मी गेलो नाही. दोन दिवसांनी तपासणीत मला कोविड असल्याचे निष्पन्न झाले. चौथ्या दिवशी दादा गेले. पुतण्याने त्यांच्या कानाशी फोन धरला होता, पण मी काय बोललो ते त्यांना ऐकू गेले की नाही, कोण जाणे. मी योग्य तेच केले असे बुद्धी सांगते. मन अजून पुरते मानीत नाही. तिकिटाचे पैसेही बुडाले. त्या दुःखापुढे ती गोष्ट क्षुल्लक होती, पण तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की खरे बोलण्याची किंमत फार मोठी झाली की माणसे आजार लपवितात. हे नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. त्या वर्षी पुण्यात घरझडत्यांची दहशत अशी बसली, की लोक आपले रुग्ण माळ्यावर आणि अडगळीत दडवू लागले. सक्तीने रोग उघडा पडण्याऐवजी अधिक खोल दडला. तोच १८९७ चा कायदा २०२० साली पुन्हा हाताशी घ्यावा लागला. कायदा जुना, आणि माणसाचे भयही तेच.

केवळ सत्य बोलून भागते असेही नाही. कोविडने शिकविले, की लक्षणे दिसण्यापूर्वीही माणूस रोग पसरवू शकतो. म्हणून साथीच्या दिवसांत प्रवासाला निघणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: हा प्रवास आत्ताच आवश्यक आहे काय? आवश्यक असेल तर लस वेळेवर घेतलेली असावी आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुखपट्टी एन-९५ जातीची, नाकावर नीट बसणारी असावी; हनुवटीवर लोंबणारी मुखपट्टी हा केवळ अलंकार होय. २०२२ च्या नोव्हेंबरात विमानातील मुखपट्टीची सक्ती उठली. पण सक्ती उठली म्हणून उपयोग संपत नाही. डोक्यावरचा हवेचा झोत चालू ठेवावा. शक्य तर खिडकीची जागा घ्यावी, कारण तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क कमी घडतो. शेजारी जेवत असेल तेव्हा आपली मुखपट्टी काढू नये, आपले खाणे थोडे मागे ठेवावे. हात धुवावेत, पाणी प्यावे, नेहमीची औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि लांबच्या प्रवासात पायांची हालचाल करीत राहावी.

आणखी एक गोष्ट. विमान उतरताच आपण सर्वजण उभे राहून वाटेत दाटी करतो. चाके थांबली, हवा मंदावली, दार उघडलेले नाही, आणि माणसे एकमेकांच्या मानेवर श्वास सोडीत उभी! अलास्काची गोष्ट त्या वेळी आठवावी आणि बसून राहावे. रांग, बस आणि सामानाचा पट्टा येथेही अंतर राखावे, कारण तिथे ती गाळलेली हवा नसते. आणि मुक्कामी पोहोचल्यावर चार-पाच दिवस प्रकृतीकडे लक्ष ठेवून मगच घरातील वृद्धांच्या अगदी निकट जावे.

अंतर राखताना मात्र एक सावधगिरी हवी. अंतराचा आपला सामाजिक इतिहास लज्जास्पद आहे. अंतर रोगापासून असावे, माणसापासून नव्हे. खोकणाऱ्याकडे तिरस्काराने पाहिले, तर उद्या तो खोकला दाबील आणि विमानात येऊन बसेल.

आता बुडालेल्या तिकिटाकडे येतो. जो आजारी आहे त्याने घरी राहावे, अशी आपली अपेक्षा असेल, तर घरी राहणे त्याला परवडले पाहिजे. वैद्यकीय दाखल्यावर तिकिटाची तारीख विनाशुल्क बदलून मिळावी, कचेरीने रजा द्यावी, नातलगांनी ‘आला नाही’ म्हणून मनात अढी धरू नये. लहान पगारावर घर चालविणाऱ्याला रद्द तिकीट हा महिन्याचा किराणा असतो. त्याला उपदेश करण्यापूर्वी ही सोय करणे हे आपले काम आहे.

ही गोष्ट मला या शाळेनेच शिकविली. आमच्या वर्गातील एका मुलाला गालगुंड झाले होते. परीक्षा जवळ आली म्हणून तो गळ्याला मफलर गुंडाळून आला. गुरुजींनी मफलर पाहिला, त्याला वर्गाबाहेर नेले आणि घरी पाठविले. त्या मुलाला रडू कोसळले. पण पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर गुरुजी त्याच्या घरी जात, ओसरीवर बसत, आणि उंबऱ्याच्या आत बसलेल्या त्या मुलाला दिवसाचा धडा सांगत. तो मुलगा मीच. परत वर्गात आलो तेव्हा माझी एकही ओळ मागे राहिली नव्हती.

विमानात पाऊल ठेवण्याआधी आपली ओसरी आणि आपला उंबरा आठवावा, एवढीच विनंती.  गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.