विजेची प्रत आणि विणकराची मजुरी



गावात वीज पोहोचली की प्रश्न सुटला, असे दीर्घकाळ मानले गेले. उद्योगाच्या दृष्टीने मात्र तो अर्धाच सुटतो. येणाऱ्या विजेचा दाब स्थिर आहे काय, तिन्ही फेजांत समतोल आहे काय, तिची लहर शुद्ध आहे काय, यांवर यंत्राचे आयुष्य आणि कामगाराची मिळकत अवलंबून असते.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांचे उदाहरण घ्यावे. माग चालविणाऱ्या इंडक्शन मोटारीचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब 10 टक्क्यांनी घसरला की बल सुमारे 19 टक्क्यांनी घटते. तेवढाच भार ओढण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते, तापते आणि अखेर जळते. फेजांतील असमतोल या तापात भर घालतो. विद्युत भट्ट्या, रेक्टिफायर व वेगनियंत्रक यंत्रे विजेची लहर विकृत करतात. त्या विकृतीमुळे, म्हणजे हार्मोनिक्समुळे, रोहित्रे आणि केबली तापतात. एकाच्या यंत्राचा दोष असा त्याच वाहिनीवरील शेजाऱ्याला भोगावा लागतो. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, हे अर्थशास्त्राला परिचित असलेले चित्र येथेही दिसते.

हा खर्च शेवटी कोणाच्या माथी बसतो? मोठा कारखानदार फिल्टर बसवू शकतो; 2003 च्या वीज कायद्याने त्याला स्वतःच्या वापरासाठी परवान्याविना वीजनिर्मिती करण्याचीही मुभा दिली. मजुरीवर कापड विणून देणारा छोटा मागधारक जळालेली मोटार पुन्हा भरून घेतो. विणकरापाशी तर काहीच उपाय नाही. त्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. माग थांबला की तीही थांबते; बारा तासांची पाळी मात्र थांबत नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी लघुदाब पुरवठ्यात 6 टक्क्यांपर्यंतच चढउतार मान्य केला होता. केंद्र सरकारच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनी दाबाविषयीच्या तक्रारींच्या निवारणास होणाऱ्या विलंबाचा भरपाईच्या बाबींत समावेश केला. परंतु भरपाई मिळते ती ग्राहकाला, म्हणजे ज्याच्या नावे बिल येते त्याला. विणकराचे नाव त्या बिलावर नसते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने विजेच्या तुटवड्यामुळे काम न मिळणे हा ‘ले-ऑफ’ मानला आणि निम्म्या वेतनाची तरतूद केली. पण ती किमान 50 कामगारांच्या कारखान्यांपुरती. लहान शेडमधला विणकर तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

म्हणून विजेची प्रत हा केवळ अभियंत्यांचा विषय समजणे चुकीचे ठरेल. रोहित्रागणिक दाबाची नोंद ठेवली जावी आणि ती सर्वांना पाहता यावी, वाहिनी दूषित करणाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च घेतला जावा, आणि विजेअभावी माग थांबेल त्या वेळेची किमान मजुरी विणकराला मिळावी, या तीन मागण्या कामगार संघटनांनी एकत्र मांडावयास हव्यात. छोटा मागधारकही पहिल्या दोन मागण्यांत त्यांचा सोबती होऊ शकतो. तिसरीसाठी मात्र त्याच्याशीही वाटाघाट करावी लागेल, याची जाणीव कार्यकर्त्यांनी ठेवलेली बरी.