जखम पाहून दिलेले होन
(कुंभकोणम् येथे जमलेल्या रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल कुंभकोणम् स्टेशनावर उतरलो तेव्हा आमच्यापैकी कित्येकांची अशी समजूत होती, की आता परत जाईपर्यंत मराठी शब्द कानावर पडायचा नाही. ती समजूत फलाटावरच खोटी ठरली. घ्यायला आलेल्यांत दोन वडीलधारी माणसे येथल्या जुन्या मराठी घरांतली होती. त्यांच्या बोलण्यात तामिळ हेल आहे, काही शब्द तर आपण विसरून गेलो असे आहेत, पण ती मराठीच. इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी मराठी घरात जन्मले. तंजावर येथून चाळीस किलोमीटर. तेथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला आहे, तो १८०३ चा. तेव्हा आपण परक्या मुलखात आलेलो नाही.

आज बोलायचे आहे ते मात्र देवळाविषयी नाही. विषय आहे नोकरीत जायबंदी झालेल्या जवानाच्या भरपाईचा. कोणी म्हणेल, रेल्वे-टपालवाल्यांना याच्याशी काय कर्तव्य? तर आपल्या खात्यांत माजी सैनिकांसाठी राखीव जागा आहेत. फाटकावरचा गेटमन, सॉर्टिंगमधला सोबती, पार्सल ऑफिसमधला पहारेकरी यांतले कितीतरी जण वर्दी उतरवून आपल्यात आलेले. टपाल खात्यातले आपलेच भाऊ प्रतिनियुक्तीवर लष्करी टपाल सेवेत जातात आणि ५६ किंवा ९९ ए.पी.ओ.च्या थैल्या बर्फात वाहतात. रेल्वे कामगारही प्रादेशिक सेनेत गेले. १९७४ च्या संपात याच रेल्वे तुकड्यांना बोलावून गाड्या चालवायला लावले होते, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण तो राग हुकूम देणाऱ्यांवर होता.

काल संध्याकाळी येथल्या एका टपाल सोबत्याने आपले कागद आमच्यापुढे ठेवले. नाव सांगत नाही, त्यांची तशी इच्छा नाही. ते पायदळात होते. २००३ साली रजा संपवून युनिटकडे परतताना एका जंक्शनवर गर्दीत गाडीतून पडले आणि गुडघा कायमचा गेला. मुदत पुरी होईपर्यंत त्यांना हलक्या कामावर ठेवले. सुटताना मेडिकल बोर्डाने तीस टक्के अपंगत्व लिहिले आणि पुढच्या रकान्यात शेरा मारला, की हे सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेने वाढलेलेही नाही. संपले. त्या एका ओळीपायी अकरा वर्षे एक पैसाही मिळालेला नाही.

आता नियम काय आहे तो पाहा. अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेने वाढलेले असावे आणि ते वीस टक्के वा अधिक असावे, हे पेन्शनचे मूळ सूत्र. १९८२ च्या हक्क नियमांत ड्यूटी कशाला म्हणायचे हेही सांगितले आहे. रेल्वे वॉरंटवर किंवा सवलतीच्या व्हाउचरवर, म्हणजे सरकारी खर्चाने, रजेला जाताना किंवा रजेवरून येताना जवान ड्यूटीवर धरला जातो. रजेवर घरी असताना स्वतःच्या कामासाठी स्कूटरवरून जाताना अपघात झाला तर मात्र गोष्ट वेगळी. जुझार सिंग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने असा दावा नाकारला. म्हणजे आमच्या या सोबत्याचा सगळा प्रश्न एवढाच, की त्या दिवशी ते परतीच्या प्रवासात होते हे दाखवायचे कसे?

वॉरंट बुकिंग खिडकीवर जमा झाले होते. तिकीट रक्ताने भिजले आणि हरवले. उरली स्टेशनची डायरी. तिच्यात त्या रात्री कोणीतरी लिहिले असेल, "एक प्रवासी पडून जखमी, दवाखान्यात पाठवला". ते लिहिणारा आपलाच माणूस, रेल्वे कामगार. "प्रवासी" ऐवजी "जवान, वॉरंटच्या तिकिटावर, युनिटकडे परत जात असताना" एवढे सात शब्द त्याने लिहिले असते तर? त्याला दोष देत नाही. रात्रपाळीत फलाटावर रक्तबंबाळ माणूस पडलेला असताना कोण शब्द मोजत बसतो? पण येथे बसलेले स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, तिकीट तपासनीस यांनी हे मनात ठेवावे. जखमी जवानाचे तिकीट किंवा ओळखपत्र दिसले तर त्याचा नंबर डायरीत आणि डॉक्टरला दिलेल्या मेमोत लिहा. मेमोची एक प्रत त्याच्या नातेवाइकाला द्या. त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या कागदावर अवलंबून असते.

पैशाचा हिशेब मांडतो. समजा, शेवटचा पगार चाळीस हजार. शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या तीस टक्के, म्हणजे १२,००० रुपये महिना. तीस टक्के अपंगत्वाला त्याच्या प्रमाणात ३,६००. पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९६ पासून, टक्केवारी वरच्या पायरीवर नेण्याची पद्धत आली. पन्नासच्या खालची पन्नास धरायची, त्यापुढची पंचाहत्तर, त्यावरची शंभर. म्हणजे ३,६०० चे ६,००० होतात. सरकारचे म्हणणे, हा लाभ आजारपणामुळे मुदतीआधी काढलेल्यांनाच. जो लंगडत का होईना मुदत पुरी करतो त्याने कमी घ्यावे! डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडून काढला. युद्धात जखमी होऊन बाहेर पडलेल्याला हाच दर दुप्पट, शंभर टक्क्यांना पगाराच्या साठ टक्के.

शाबितीचा बोजा कोणावर, याचेही उत्तर २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात मिळाले. ते १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले आणि नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवले. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी डॉक्टरने तपासून घेतलेत, तेव्हा आजाराची नोंद केली नाहीत, मग तो नोकरीतच आला असे धरले पाहिजे. नाही म्हणायचे तर कारणे बोर्डाने द्यावीत, आणि संशयाचा फायदा जवानाला मिळावा. आपण कारखान्यात, यार्डात हेच सांगत आलो आहोत. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात अंगठा गेला तर तीस टक्के, एक डोळा गेला तर चाळीस, असे कोष्टक होते. त्याच कायद्याच्या व्याख्येतून सैन्यातला माणूस मात्र वगळलेला. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो बाहेरच आहे. त्याला ना युनियन, ना संप, ना लेबर कोर्ट. २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, आपल्याकडे मुंबईला आणि यांच्यासाठी चेन्नईला, एवढाच काय तो दरवाजा.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. रक्तदाब, मधुमेह यांच्या नावाने निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व लिहून घेणारे आहेत, आणि त्यांत जवानांपेक्षा अधिकाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालातही आले. सरकारने २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क नियम आणून पकड घट्ट केली. गैरफायदा घेणाऱ्याला जरूर रोखावे. पण चाळण अशी लावली, की वरचा साहेब वकील लावून निसटतो आणि गुडघा गेलेला शिपाई अडकतो, तर तिला आम्ही सुधारणा म्हणणार नाही. २०२२ पासूनच्या अग्निवीरांचे तर निराळेच. शंभर टक्के अपंगत्वाला ४४ लाख, पंचाहत्तरला २५, पन्नासला १५, आणि पेन्शन नाही. विशीतल्या पोराला एकरकमी पंधरा लाख दिले तर ते घराचे छप्पर आणि बहिणीचे लग्न यांत संपतात, पाय मात्र पुढची चाळीस वर्षे तसाच राहतो. हंगामी कामगाराचे दुखणे आपल्याला नवे नाही.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. मधली वर्षे घर चालले ते पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीवर. सत्कार होतात, हार पडतात, पण महिन्याच्या एक तारखेला घरात काय येते हे कोणी विचारत नाही.

आणि हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती असेही नाही. याच तामिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास शिवछत्रपतींची बखर लिहिली. अफझलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले ते तीत आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मुलगा नसेल तेथे बायकोला निम्मे वेतन लावून दिले आणि जखमींना माणशी दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन जखम पाहून दिले. जखम पाहून! रणात पडलेल्याकडे त्या रात्रीचा दाखला मागितल्याचे त्यात नाही.

आमच्या सोबत्याच्या कामाला आता उशीर चालणार नाही. तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो, म्हणून दावा जुना झाला तरी चालतो, पण मागील बाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे अकरातली आठ वर्षे गेलीच. आणखी एक महिना दवडला की आणखी एक महिना जातो. त्यांच्या युनिटच्या नोंदीत रजेच्या तारखा असतील, दवाखान्यात भरतीची तारीख असेल, रजा संपण्याचा दिवस आणि अपघाताचा दिवस जुळेल. एवढ्यावर अर्ज उभा राहू शकतो.

आज जेवण झाल्यावर आम्ही चौघे मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांच्या ओळखीत असा कोणी माजी जवान असेल त्यांनी डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा कागद आणि नकाराचे पत्र यांच्या झेरॉक्स आणाव्यात, मूळ प्रती हातातून सोडू नयेत. इंग्रजी अर्ज आम्ही लिहू, तामिळमधले येथले मित्र वाचून देतील. पोस्टाची पावती मात्र जपून ठेवा, ती किती मोलाची असते हे टपालवाल्यांना आम्ही काय सांगावे.