कर्करोगाची पाऊलवाट



प्रवरेकाठच्या या गावी, वसंतातल्या संध्याकाळी, आम्ही कर्करोगाचा विषय घेऊन उभे आहोत याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या रोगाचे नाव माणसे दबक्या आवाजात घेतात, त्याविषयी चारचौघांत बोलणे हा त्याच्या प्रतिकाराचा आरंभ होय, असे आम्ही समजतो.

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) लंडनला वैद्यक शिकून मुंबईस आले आणि विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय निघाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. रुग्णाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान सांगावे, एवढेच विकृतिशास्त्रज्ञाचे काम, अशी सामान्य समजूत. खानोलकरांनी त्यापुढे जाऊन विचारले : हा माणूस कोठला? नेसतो काय? तंबाखू घेतो ती कशी?

१९४५ साली एका सहकाऱ्यासह त्यांनी यासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. धोतर कमरेस वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने जेथे काच पडतो, तेथेच कातडीचा कर्करोग. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा. तंबाखू-चुना खालच्या ओठाआड धरणाऱ्यांना त्या ओठाचा. सवय बदलली की रोगाची जागाही बदलते. म्हणजे जिला आपण दैवगती म्हणत होतो, तिची काही सूत्रे आपल्याच हाती होती!

आता यामागची यंत्रणा पाहू. शरीरातील पेशी दुभंगताना तिच्यातील लेखाची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहते. तंबाखूतील विषे अशा चुका वाढवतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे मात्र ती पेशी शेजारणींपेक्षा जोमाने वाढते. तिच्या वंशात पुन्हा नवी चूक, पुन्हा निवड. १९७६ साली पीटर नॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा उत्क्रांतीचा क्रम स्पष्ट मांडला. शेतकऱ्यांना हे सांगायला नको. एकच औषध वारंवार फवारले की किडीतली चिवट तेवढी उरते, आणि पुढची पिढी तिचीच. उपचारानंतर कर्करोग उलटतो, तेव्हा पुष्कळदा असेच घडलेले असते.

१९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे खानोलकर पहिले संचालक. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे मोठे काम केले आणि उत्तरायुष्यात आपल्याच नगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. प्रयोगशाळा आणि गाव यांत अंतर नसावे, हा या परंपरेचा विशेष.

तात्पर्य काय? हा रोग सहसा एका रात्रीत येत नाही. वर्षानुवर्षे पावले टाकीत येतो. तोंडातला पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, ही त्या वाटेवरची पावले असू शकतात. सगळेच चट्टे कर्करोगाचे नसतात. पण निर्णय डॉक्टरांनी करावा, आपण नव्हे. वाटेत त्याला गाठले तर उपचार सोपा असतो, आणि तंबाखू वा मिसरी सोडली तर धोका कमी होत जातो.

तेव्हा आज घरी गेल्यावर दिव्याखाली आरशात आपले तोंड एकवार पाहावे. घरच्या वडीलधाऱ्यांनाही पाहावयास सांगावे. ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.