भाड्याच्या जागेचे कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला बोलायला उभे केले खरे, पण मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्याख्यान मला साधायचे नाही. माझ्या धाकट्या बहिणीसाठी पुण्यात जागा शोधताना जे शिकले, तेवढे सांगते.

सन 2022 मध्ये तिचे यजमान गेले. पदरी आठवीतला मुलगा. एका कचेरीत ती शिपाई म्हणून कामाला आहे. दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2023 साली, जुनी जागा सोडावी लागली आणि आम्ही दोघी दर रविवारी घरे पाहात हिंडू लागलो. एक खोली-स्वयंपाकघर पसंत पडले. मालक म्हणाले, "उद्या कागद आणा, परवा किल्ली घ्या." आम्ही हो म्हणून आलो आणि कागद शोधू लागलो, तेव्हा डोळे उघडले.

आधारकार्डावर सासरचे नाव, पॅनकार्डावर माहेरचे. दोन्ही बाई एकच, हे सांगणारा विवाहनोंदणीचा दाखला गावी सासऱ्यांच्या ट्रंकेत. बँकेचे पासबुक सहा महिने भरलेले नाही. यजमानांच्या मृत्यूचा दाखला विम्याच्या कागदांत अडकलेला. सगळे जमवायला पाच दिवस लागले आणि तोवर ती जागा दुसऱ्याला गेली. मालकांची काही चूक नव्हती. बहीण त्या रात्री जेवली नाही.

मग मी एक फाइल आणली. सगळ्यांत वर अर्ज. कोणी मागितलेला नव्हता, पण मी तिला हाताने लिहायला लावला. राहणार कोण, किती जणे, नोकरी कुठे, पगार किती, राहायला कधी येणार आणि आधीच्या घरमालकांचा फोन नंबर. त्यांना आधी विचारून घेतले होते, बरे का! त्याखाली आधार, पॅन आणि विवाहाचा दाखला एकापाठोपाठ, म्हणजे दोन नावांचा घोळ पाहणाऱ्याला तिथल्या तिथे उलगडतो. मग तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, भरलेले पासबुक, शेवटी फोटो. अस्सल कागद घरीच ठेवायचे. झेरॉक्सवर "फक्त भाड्याच्या जागेसाठी" असे लिहून तारीख घालायची. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही काढता येते, हे मला माझ्या भाच्याने दाखवले. आजकालची पोरे या कामी फार उपयोगी पडतात, एरवी नसली तरी.

अर्ज लिहिताना एक अडचण आली. ती म्हणाली, "ताई, हे दुबईला असतात असे लिहू का? एकट्या बाईला कोण जागा देणार?" खरे सांगते, क्षणभर मलाही ते पटले. पण मृत्यूचा दाखला तर उद्या कुणी मागितलाच असता. आणि पोराने शेजारी काय सांगायचे? रोज खोटे बोलायचे? शेवटी सरळ लिहिले, "माझे पती हयात नाहीत. मी व माझा मुलगा राहू."

पहिल्या मालकीणबाईंनी ती ओळ वाचली आणि फाइल मिटून परत दिली. त्या स्वतः बाईमाणूस, याचे मला जास्त वाईट वाटले. दुसरीकडे एक वयस्क गृहस्थ होते. चष्मा लावून एकेक पान वाचले, जुन्या घरमालकांना आमच्यासमोरच फोन लावला. मग एवढेच विचारले, "पाणी पहाटे साडेपाचला येते, उठणे होईल ना?"

कागद त्यांचेही पाहायचे असतात, हे विसरू नका. घर त्यांच्याच नावावर आहे ना, यासाठी घरपट्टीची पावती किंवा इंडेक्स टू मागावा. मागताना माझा आवाज थोडा कापला, पण त्यांनी लगेच दिला.

भाडे नऊ हजार आणि अनामत तीस हजार ठरली. दलाल म्हणाला, "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" हे पुष्कळजण सांगतात आणि ते चूक आहे. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि तंटा झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरतात. म्हणजे भीती खरी तर मालकाला हवी! खर्चही बेताचा. एकूण भाडे आणि अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमचे अडीचशेच्या आसपास झाले. नोंदणी फी एक हजार. घरीच माणूस यंत्र घेऊन आला, दोन साक्षीदार बसले, अंगठे झाले. बहिणीचा अंगठा तीनदा लागेना. भांडी घासून रेषा झिजलेल्या. चौथ्यांदा लागला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकांनीच ऑनलाइन भरली.

करारात मी दोन गोष्टी घालून घेतल्या. अनामत किती दिवसांत परत मिळणार ती, आणि घरात काय काय आहे त्याची यादी: पंखे दोन, नळ चार, एका खिडकीची काच आधीच तडकलेली. काचेचे ऐकून मालक हसले, पण लिहिले त्यांनी.

करारात भाडेकरूच्या जागी बहिणीचे नाव आहे. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती, तरी घराच्या कुठल्याही कागदावर तिचे नाव लागले नव्हते. ती ते पान दोनदा उलटून पाहात होती.

पुढच्या गुरुवारी भजनानंतर मी इथेच बसणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी आपापले आधार, पॅन आणि लग्नाचा दाखला घेऊन यावे. नावे जुळतात का, ते एकेकीचे पाहू. पंचिंगचे यंत्र मी आणते, फाइल तेवढी आपली आपण आणावी.