वाळवंटातला फलज आणि महाडचं तळं

(महाड इथे तरुणांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ज्यांचा भाऊ, मामू किंवा चाचा मस्कतला आहे त्यांनी हात वर करा. बघा, अर्धी खोली झाली. कोकणी मुसलमानाला आखात म्हणजे शेजारचा मोहल्ला. तिथला पगार, तिथला व्हिसा, तिथलं ऊन यावर आपण रोज बोलतो. तिथल्या पाण्यावर कधीच बोलत नाही.

मस्कतला वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे महाड-पोलादपूरला ३,००० च्या वर पडतो. म्हणजे तीसपट. तरी उन्हाळ्यात पोलादपूरच्या वाड्यांवर टँकर चढतो आणि पोरी हंडा घेऊन त्याच्या मागे धावतात. २२ जुलै २०२१ ला याच महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती, त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. जुलैत बुडायचं आणि एप्रिलमध्ये तहानायचं, हे एकाच तालुक्यात होतं.

ओमानमध्ये फलज नावाची पद्धत आहे. डोंगराच्या पायथ्याशी भूजल शोधायचं आणि तिथून मंद उताराचा बोगदा, पुढे उघडा पाट खणत पाणी गावात आणायचं. पंप नाही, वीज नाही. असे सुमारे ३,००० फलज आजही वाहतात. त्यांतल्या ५ फलजांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे तंत्र आपल्यालाही नवं नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादला नहर-ए-अंबरी बांधली ती याच जातीची. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस एका शहराची तहान भागवून गेला, आणि आपल्या पोरांना त्याचं नाव फक्त लढायांच्या धड्यात भेटतं.

पण मला खोदकामापेक्षा वाटणी मोठी वाटते. फलजचं पाणी गावात शिरतं तिथे पहिली जागा पिण्याचं पाणी भरण्याची. ती सगळ्यांना मोफत, वाटसरूलाही. नंतर आंघोळ, धुणं, मशीद, आणि शेवटी खजुराच्या बागा. बागांचे हिस्से वेळेवर मोजले जात, दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. काही हिस्से लिलावात देऊन त्या पैशातून दुरुस्ती होते. श्रीमंताची बाग मोठी असली तरी ती घोटाच्या मागेच उभी राहते.

आता आपल्याकडे या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. अंतर थोडं, उतार तीव्र, खाली कातळ. पाणी मुरायला थांबतच नाही. विहिरी मार्चला तळ दाखवतात आणि बायका नदीच्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने पाणी भरतात. पाऊस कमी नाही, साठवण कमी आहे, हे सगळे सांगतात. मी त्यात एक जोडतो: वाटणीही कमी आहे. आणि वाटणीचा प्रश्न काढायला महाडएवढं योग्य गाव हिंदुस्थानात दुसरं नाही.

चवदार तळ्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग मारहाण झाली आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं, एका घोटासाठी.

या गोष्टीत आपण कुठे होतो? त्या तळ्याचं पाणी मुसलमानांना भरता येत होतं, हे बाबासाहेबांनीच त्या वर्षी डिसेंबरच्या परिषदेतल्या भाषणात सांगितलं. मार खाणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. याचा अभिमान आपण जरूर बाळगू. पण तळं आपल्याला खुलं आणि शेजाऱ्याला बंद असताना आपण किती वर्षं गुपचूप हंडे भरत होतो, हाही प्रश्न त्याच पानावर आहे. तो आजही विचारता येतो. आपल्या मोहल्ल्याच्या विहिरीवर मे महिन्यात आदिवासी वाडीतली बाई आली, तर तिला दोर मिळतो की उत्तर मिळतं?

दीनचं म्हणणं याबाबत स्पष्ट आहे. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे की पाणी, चारा आणि आग यांत मुसलमान भागीदार आहेत. मदिनेत रूमाची विहीर होती, तिचा मालक पाणी विकायचा. हजरत उस्मान यांनी ती विकत घेऊन सगळ्यांना खुली केली. वाहत्या नदीकाठीही वजूत पाणी वाया घालवू नये, ही इब्न माजातली हदीस आपण भिंतीवर लावतो. तिच्या सनदीवर जाणकारांनी शंका घेतली आहे. पण रसूलुल्लाह एका मुद्दमध्ये वजू करत, ही बुखारी आणि मुस्लिममधली हदीस पक्की आहे. मुद्द म्हणजे एक लिटरसुद्धा नाही.

आता हिशेब करू. नळ सोडून केलेल्या वजूला समजा पाच लिटर लागतात. शंभर नमाजी, पाच वेळा, म्हणजे दिवसाला अडीच हजार लिटर. दहा हजारांचा टँकर चार दिवसांत संपला. तीच वजू तोटी लहान करून, तांब्याने, एका लिटरमध्ये केली तर दिवसाला पाचशे लिटर. मशिदीचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा. त्यावर आपल्या पावसात तीन लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं फक्त पन्नास हजार टाकीत साठवलं, तर पाचशेच्या हिशेबाने शंभर दिवस पुरतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून जवळजवळ मेअखेरपर्यंत! अडीच हजारांच्या हिशेबाने तीच टाकी वीस दिवसांत कोरडी. म्हणून नुसती टाकी बांधून भागत नाही, आणि नुसतं बयान करूनही भागत नाही.

बोअरवेलबद्दल बोलणं काहींना आवडणार नाही. आखातातला पैसा येतो, बंगला उभा राहतो, आवारात बोअर पडते, फाटकाला कुलूप लागतं. दोन उन्हाळ्यांनी शेजारची गावविहीर खाली जाते. पैसा हलाल आहे, पण जमिनीखालचं पाणी आवाराच्या भिंतीपाशी थांबत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणू नये, हे महाराष्ट्राने १९९३ च्याच भूजल कायद्यात लिहिलं होतं. जमातीच्या बैठकीत कोणी ते वाचून दाखवलेलं मी पाहिलं नाही.

औद्योगिक वसाहतीचं थोडक्यात. तिथे रासायनिक कारखाने आहेत आणि आपली शेकडो मुलं त्यांत काम करतात, म्हणून आपण गप्प बसतो. भांडू नका, मोजा. विहिरीचं पाणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवालाच्या प्रती जपून ठेवा. पाच वर्षांचे कागद हातात असले की बोलणं वेगळं होतं.

सरकारची नळयोजना दर माणशी दिवसाला ५५ लिटर द्यायचं म्हणते. गावागावांत नळ आले, पण झरा आटला की नळ हवाच देतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या किती आपा, किती खाला तिथे जाऊन बोलतात? हंडा त्यांच्या डोक्यावर आणि ठराव आपल्या मिशीखाली, हे मला पटत नाही. जमातीने पाण्याबद्दल काही ठरवायचं असेल तर त्या बैठकीत बायका बसल्या पाहिजेत. वेगळ्या खोलीत नव्हे, त्याच खोलीत.

या वर्षी काय करायचं ते ठरवूनच उठू. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की पऱ्यावर वनराई बंधारा घालायचा. तो फार तर दोन-तीन महिने पाणी धरतो, त्याला चमत्कार समजू नका, पण खालची विहीर थोडी उशिरा आटते. बौद्धवाडीतल्या आणि आदिवासी वाडीतल्या मुलांना आधी विचारायचं, जागा त्यांना जास्त ठाऊक असते. फावडी आहेत. गोण्या लागतील, सिमेंटच्या रिकाम्या, दोनशे तरी. त्या आत्तापासून जमवा. पावसात बांधकामं थांबतात आणि मग गोणी मिळत नाही.